एकाच गावाचे ५०, ५०००, १७ आणि ५६ टक्के

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पंचायत समितीच्या आढावा बैठकीसाठी चार ग्रामपंचायतींच्या घरपट्टी-पाणीपट्टी वसुलीचा चार्ट करायचा आहे. एक्सेलमध्ये मागणी (गावाकडून येणं असलेला कर), वसुली आणि टक्केवारी असे रकाने तयार आहेत. टक्केवारीचा रकाना निवडून % चं बटण दाबलं, तर ५० चे ५०००% झाले. ते तसंच मागे घेऊन तुम्ही त्या रकान्यावर पाय चार्ट काढला, तर ज्या गावाची वसुली निम्मी आहे त्याच्या तुकड्यावर १७% आलं. मग टक्केवारी सोडून वसुलीच्या रकमेवर पाय काढला. तिथे ५६, २८, १३ आणि ४ असे टक्के आले आणि साहेबांनी बेरीज करून विचारलं, "हा वरचा एक टक्का कुणाकडून वसूल केलात?" शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून १००% स्टॅक्ड कॉलम करून पाहिला, तर अक्षावर टक्के आणि खांबांवर मात्र रुपये. आता तुम्ही विचारताय की एक्सेल बिघडलंय की मराठी फॉन्टमुळे घोळ होतोय.

एक्सेल धडधाकट आहे आणि फॉन्टचा यात काही हात नाही. चारही वेळा त्यानं तुम्ही सांगितलं तेच केलं. अडचण अशी की चारही वेळा तुम्ही वेगवेगळी गोष्ट सांगितलीत आणि चारही गोष्टींना आपण एकाच शब्दानं हाक मारतो: टक्के. टक्के म्हटलं की शंभर आले, आणि ते शंभर कुणाचे हे प्रत्येक वेळी बदललं. तेवढं एकदा पक्कं केलं की पुढचं सगळं क्लिकचं काम आहे.

गावांची नावं इथे नकोत, म्हणून बुद्रुक, खुर्द, वाडी आणि तांडा म्हणू. आकडे तुम्ही दिलेत तेच, जवळच्या सोप्या रकमेला आणून:

बुद्रुक: मागणी २४ लाख, वसुली १२ लाख
खुर्द: मागणी ८ लाख, वसुली ६ लाख
वाडी: मागणी ३ लाख, वसुली २.७ लाख
तांडा: मागणी १ लाख, वसुली ०.८५ लाख

म्हणजे वसुली अनुक्रमे ५०, ७५, ९० आणि ८५ टक्के. इथपर्यंत काही चुकलेलं नाही.

आता ते ५०००. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं: वसुली भागिले मागणी गुणिले शंभर. कागदावर हे बरोबरच आहे. तुमच्या सूत्रातही शेवटी "*१००" आहे. पण एक्सेलच्या लेखी ५०% म्हणजे ०.५. सेलमध्ये तो ०.५ ठेवतो, आणि % चा फॉरमॅट लावला की फक्त दाखवताना शंभरानं गुणून पुढे चिन्ह लावतो. मूळ आकड्याला हात लावत नाही. तुम्ही सूत्रात एकदा गुणलंत, फॉरमॅटनं दुसऱ्यांदा गुणलं. सूत्रातलं शंभर काढा. मागणी बी रकान्यात आणि वसुली सी रकान्यात असेल तर डी रकान्यात नुसतं =सी२/बी२ पुरे (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे). मग % चं बटण दाबा.

कधी कधी सूत्र नसतंच. तालुक्याहून आलेल्या फाइलमध्ये नुसते ५०, ७५ असे आकडे भरलेले असतात. तेव्हा एखाद्या रिकाम्या सेलमध्ये १०० लिहा, तो सेल कॉपी करा, टक्क्यांचे आकडे निवडा, पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन डिव्हाइड निवडा. सगळे आकडे जागच्या जागी शंभरानं भागले जातात. नंतर तो १०० पुसून टाका.

आणखी एक पळवाट आहे, ती सांगतो पण घाबरत. कस्टम फॉरमॅटमध्ये ०"%" असं अवतरणचिन्हांसकट लिहिलं, तर एक्सेल गुणाकार न करता ५० च्या पुढे नुसतं चिन्ह चिकटवतो. एकदाच छापायचा कागद असेल तर चालून जातं. पण पुढच्या महिन्यात दुसरा कुणी ती फाइल उघडतो, ५०% दिसतंय म्हणून त्यानं मागणीला गुणतो आणि चोवीस लाखांच्या मागणीवर बारा कोटींची वसुली काढतो. मी अशी फाइल वारशानं मिळवलेली आहे. तिचा उलगडा व्हायला अख्खी संध्याकाळ गेली.

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी तेच आकडे भरले तर त्यांच्याकडे बरोबर आले. तेही खरं असणार. सेल रिकामा असतानाच % चा फॉरमॅट लावला आणि मग ५० टाइप केलं, तर एक्सेल ते ५०% समजून घेतो. आधी ५० टाइप केलं आणि नंतर बटण दाबलं, तर ५०००%. क्रम बदलला की निकाल बदलतो. ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर त्यासाठी एक चौकट असते, 'एनेबल ऑटोमॅटिक पर्सेंट एंट्री' नावाची, आणि ती सहसा सुरूच असते. एकाच रकान्यात दोघांनी आकडे भरले असतील तर ५०% आणि ७५००% एकाखाली एक दिसू शकतात.

या टप्प्यावरची अजून एक चूक इतकी वेळा पाहिलीय की तुम्ही केली नसली तरी सांगतो. टक्के सुबक दिसावेत म्हणून लोक टेक्स्ट हे फंक्शन वापरतात. सेलमध्ये ५०% दिसतं, पण तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. आणि मजकुराला चार्ट शून्य धरतो. खांब गायब, अक्ष कोरा. ओळखायची खूण सोपी: तुम्ही मांडणी बदललेली नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला जातात, मजकूर डावीकडे चिकटतो. मराठी कळफलकावरून ४५% असं देवनागरीत भरलेलं असेल तरी हीच तपासणी करा. एक्सेल त्याला आकडा मानेलच असा भरवसा धरू नका. भरणी इंग्रजी आकड्यांत, दाखवणं हवं तर मराठीत. ते कसं, ते पुढे येतंय.

सेल नीट झाले की चार्टमधलं निम्मं काम आपोआप होतं, कारण खांबावरचं लेबल आणि अक्षावरचे आकडे दोन्ही मूळ सेलचा फॉरमॅट उचलतात. होत नसेल तर लेबलवर राइट क्लिक, फॉरमॅट डेटा लेबल्स, आणि खाली नंबर नावाचा भाग उघडा. तिथे 'लिंक्ड टू सोर्स' अशी चौकट असते. मागे कधीतरी कुणी हातानं फॉरमॅट बदलला असेल तर तिच्यावरची खूण गेलेली असते आणि सेलमध्ये तुम्ही काहीही केलंत तरी चार्ट ढिम्म हलत नाही. अक्षाचा फॉरमॅट वेगळा, लेबलांचा वेगळा. एक दुरुस्त केला म्हणजे दुसरा झाला असं नाही.

अक्षाबद्दल एक सूचना. एखाद्या गावाची वसुली ९८ टक्क्यांवर गेली की एक्सेल आपल्या मनानं अक्ष १२०% पर्यंत ताणतो. ते बघून बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं की एकशेवीस टक्के वसुली कशी. फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये मॅक्झिममला १ लिहा. १०० लिहू नका; इथे १०० म्हणजे दहा हजार टक्के, आणि तुमचे सगळे खांब तळाशी रेघेसारखे चिकटतील.

हे करण्याआधी मात्र एक खात्री हवी. तुमच्याकडे कुठल्या गावाची वसुली खरोखर शंभरच्या वर जातेय का? जात असेल तर अक्ष कापून ते झाकू नका. बहुतेक वेळा त्याचं कारण असं असतं की वसुलीत मागची थकबाकी धरलीय आणि मागणीत फक्त चालू वर्षाची रक्कम. वर जुनी बाकीही वसूल झालेली आणि खाली नुसती यंदाची मागणी, असा तो अपूर्णांक. छेदात थकबाकी अधिक चालू मागणी घ्यायची की दोन्हींचे टक्के वेगळे दाखवायचे, हे तुमच्या कार्यालयाच्या पद्धतीवर आहे. मी इथून सांगू शकत नाही. एवढंच बघा की चारही गावांना एकच पद्धत लावलेली आहे आणि चार्टखाली ती एका ओळीत लिहिलेली आहे.

आता पाय चार्टचे १७ टक्के. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण बाकीच्या चुका डोळ्याला खुपतात, ही खुपत नाही. पाय चार्ट तुम्ही दिलेल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करतो, त्या बेरजेला अख्खं वर्तुळ मानतो आणि प्रत्येकाचा वाटा काढतो. तुम्ही दिलेत ५०, ७५, ९० आणि ८५. बेरीज ३००. तीनशेपैकी ५० म्हणजे १६.७, म्हणून १७%. त्याची गणिताची बाजू चोख आहे. पण या ३०० ला काही अर्थच नाही. बुद्रुकचे पन्नास टक्के हे बुद्रुकच्या मागणीचे, वाडीचे नव्वद हे वाडीच्या मागणीचे. वेगवेगळ्या शंभरांतले तुकडे उचलून एका ताटात ठेवले तर त्याची पोळी होत नाही. आणि बघणाऱ्याला वाटतं, बुद्रुकची वसुली फक्त १७ टक्के! ग्रामसेवकाची विनाकारण हजेरी घेतली जाईल.

हेच सर्वेक्षणांच्या बाबतीत होतं. "पाणी कुठून भरता?" या प्रश्नाला एका घरानं नळ, विहीर आणि टँकर असे तिन्ही पर्याय सांगितले असतील, तर टक्के ६०, ५० आणि ४० येऊ शकतात, बेरीज १५०. यावर पाय काढला की तो ४०, ३३ आणि २७ दाखवतो. नळ वापरणारी घरं शंभरात साठ असताना चार्ट चाळीस म्हणतो, आणि कुणालाही शंका येत नाही, कारण बेरीज छान शंभर येते. माझा नियम असा: बेरीज केल्यावर ज्याला एक नाव देता येतं अशाच गोष्टींचा पाय काढायचा. चार गावांच्या वसुलीच्या रकमांची बेरीज म्हणजे "एकूण वसुली". नाव आहे, पाय चालेल. चार गावांच्या टक्केवारीची बेरीज म्हणजे काय? नाव सुचत नाही ना? मग खांब काढा.

तर तुमचा तिसरा चार्ट, रकमेवरचा पाय, हा अर्थाच्या दृष्टीनं योग्य होता. फक्त तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. "एकूण २१.५५ लाख जमा झाले, त्यात कुणाचा वाटा किती?" त्यात बुद्रुक ५६%. गाव मोठं आहे म्हणून वाटा मोठा. यावरून वसुली चांगली की वाईट ते कळत नाही. एकाच गावाचे स्वतःच्या मागणीतले ५० टक्के आणि एकूण जमेतले ५६ टक्के, दोन्ही खरे. साहेबांना कोणता प्रश्न पडलाय ते विचारून घ्या. आढावा बैठकीत तो बहुधा मागणीपैकी किती वसूल झालं हा असतो.

आणि तो वरचा एक टक्का. तुमच्या आकड्यांत बुद्रुकचा वाटा खरा ५५.६८, खुर्दचा २७.८४, वाडीचा १२.५३ आणि तांड्याचा ३.९४. चौघांचेही अपूर्णांक अर्ध्याच्या वर, म्हणून चौघेही वरच्या पूर्णांकाला गेले आणि १०१ झाले. बरं, दशांश वाढवून हे सुटत नाही. एक दशांश स्थळ घेतलंत तर ५५.७, २७.८, १२.५, ३.९, बेरीज ९९.९. दोन घेतलीत तर ९९.९९. एक्सेलच्या पोटात बेरीज नेमकी शंभरच असते. दिसणारे आकडे कापलेले असतात एवढंच.

यावर तीन मार्ग लोक वापरतात. पहिला आणि माझ्या मते सरळ: चार्टखाली बारीक अक्षरांत "पूर्णांकनामुळे बेरीज १००% होईलच असे नाही" ही ओळ. सरकारी अहवालांत अशी तळटीप सर्रास असते, त्यात कमीपणा काही नाही. दुसरा: बेरीज शंभरच दिसली पाहिजे असा हट्ट असेल तर आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्यायचे, ५५, २७, १२, ३, बेरीज ९७. उरलेले तीन टक्के ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना एकेक वाटायचे: तांडा, खुर्द, बुद्रुक. मग ५६, २८, १२, ४, बेरीज शंभर. निवडणुकीत मतांच्या प्रमाणात जागा वाटायला काही देशांत हीच रीत वापरतात. पण इथे वाडीचे साडेबारा टक्के तेरा न होता बारा होतात, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे आणि विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. तिसरा मार्ग म्हणजे ऑप्शन्समधलं 'सेट प्रिसिजन अ‍ॅज डिस्प्लेड'. त्याच्या वाटेला जाऊ नका. ते दिसणाऱ्या आकड्याप्रमाणे मूळ आकडाच कायमचा कापतं, त्या फाइलमधल्या सगळ्या पानांवर, आणि परत मिळत नाही. शिवाय त्यानं १०१ चे १०० होत नाहीतच.

दशांश किती ठेवायचे हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर विषयावर आहे. मी कामाची सुरुवात एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात केली. तिथे साखर उतारा, म्हणजे गाळलेल्या उसातून किती साखर निघाली ते, टक्क्यांतच असतो. उसाची एफआरपी (कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर बांधलेली आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढीव दर मिळतो. अशा ठिकाणी उतारा ११% असा पूर्णांकात छापणं म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातला हिशेबच पुसणं. तिथे दोन दशांश हवेतच. तुमच्या वसुलीला एकही नको. ५०.००% असं लिहिलं म्हणजे आकडा जास्त खरा होत नाही, फक्त वाचायला त्रास होतो.

त्या कारखान्यातच मी टक्क्यांची सरासरी काढण्याची चूक करून बसलो होतो, म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीकडे लक्ष गेलं. तुमच्या तक्त्यात खाली "एकूण" पुढे ७५% आहे. ते ५०, ७५, ९०, ८५ यांची सरासरी आहे. पण ३६ लाख मागणीपैकी वसुली २१.५५ लाख, म्हणजे खरी एकूण टक्केवारी ५९.९. पंधरा टक्क्यांचा फरक! एक लाख मागणीच्या तांड्याला आणि चोवीस लाखांच्या बुद्रुकला सरासरीत सारखं वजन मिळालं, म्हणून हे झालं. मी गळीत हंगामाचा सरासरी उतारा असाच रोजच्या उताऱ्यांची सरासरी काढून दिला होता. समजा एका दिवशी ४,००० टन ऊस १० टक्के उताऱ्यानं गाळला आणि दुसऱ्या दिवशी गिरणी बंद पडल्यामुळे १,००० टनच, १२ टक्क्यांनी. सरासरी ११ वाटते. साखर मात्र ५२० टनच, म्हणजे १०.४ टक्के. चीफ केमिस्टनी माझा कागद हातात घेतला, काही न बोलता मागच्या बाजूला एकूण साखर भागिले एकूण ऊस एवढंच लिहिलं आणि परत दिला. तुमच्या एकूणच्या ओळीत टक्क्यांच्या रकान्याला अ‍ॅव्हरेज लावू नका. वर जे सूत्र आहे तेच खाली ओढा: एकूण वसुली भागिले एकूण मागणी.

(पिव्होट टेबल वापरत असाल तर हीच चूक तिथे जास्त सहज होते, कारण टक्क्यांचा रकाना आत ओढला की तो निमूटपणे बेरीज किंवा सरासरी करतो. कॅल्क्युलेटेड फील्ड घालून भागाकार तिथेच करायचा, आणि % चा फॉरमॅट सेलला न लावता व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमधल्या नंबर फॉरमॅटमधून लावायचा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर उडत नाही.)

आता चौथा चार्ट, अक्षावर टक्के आणि खांबांवर रुपये. १००% स्टॅक्ड कॉलममध्ये एक्सेल खांबांची उंची प्रमाणात काढतो, पण लेबलवर मूळ आकडाच छापतो. पाय चार्टच्या लेबलांत 'पर्सेंटेज' अशी चौकट असते, तशी ती खांबांच्या चार्टला नसते. कितीही शोधलंत तरी सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच. दोन उपाय. एक, चार्ट रुपयांवर न काढता टक्क्यांवर काढा: वसुलीचे टक्के आणि बाकीचे टक्के (१ वजा वसुली) असे दोन रकाने करून साधा स्टॅक्ड कॉलम. मग लेबल आपोआप टक्क्यांत. दुसरा, चार्ट रुपयांवरच ठेवा आणि लेबलांसाठी 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' निवडून टक्क्यांचा रकाना दाखवा, नंतर 'व्हॅल्यू' वरची खूण काढा. ही सोय एक्सेल २०१३ पासून आहे. कार्यालयात लिब्रेऑफिस असेल तर काम आणखी सोपं: तिथल्या डेटा लेबल्समध्ये 'टक्केवारी म्हणून दाखवा' अशा अर्थाची चौकट खांबांच्या चार्टलाही असते आणि प्रत्येक खांबातल्या बेरजेच्या तुलनेत टक्के काढून देते.

तुमच्या जागी मी असतो तर पाय आणि स्टॅक्ड दोन्ही बाजूला ठेवले असते. चार आडवे पट्टे, वसुलीच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमानं: वाडी, तांडा, खुर्द, बुद्रुक. अक्ष शून्यापासून. गावाच्या नावापुढे कंसात मागणीची रक्कम, "बुद्रुक (२४ लाख)" अशी, म्हणजे ९० टक्के वसुलीचं कौतुक करताना ती तीन लाखांवरची आहे हे दिसत राहतं. आणि ५९.९ टक्क्यांवर एक उभी रेघ, एकूण वसुलीची. ती रेघ पाहिली की बुद्रुकनंच सगळ्या गटाला खाली ओढलंय हे कुणालाही सांगावं लागत नाही. शीर्षकातच शंभर कुणाचे ते लिहा: "एकूण मागणीपैकी झालेली वसुली, टक्के".

मागच्या वर्षीशी तुलना दाखवणार असाल तर शब्द जपून. बुद्रुक ४० वरून ५० वर आलं असेल तर वाढ दहा टक्क्यांची की पंचवीस टक्क्यांची? टक्केवारीतला फरक दहा अंकांचा, मूळच्या ४० च्या मानानं वाढ पंचवीस टक्के. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ केला, तेव्हा आपली वर्तमानपत्रं "पाव टक्क्यानं कपात" असंच लिहीत होती आणि कुणाचा गैरसमज झाला नाही, कारण दोन्ही दर शेजारी छापलेले होते. तुम्हीही तेच करा. "४०% वरून ५०%" लिहा, वाढीचा आकडा लिहूच नका.

मागणी आणि टक्केवारी एकाच चार्टवर हवी असा आग्रह झाला तर टक्क्यांची रेघ तळाला सपाट झोपलेली दिसेल. चोवीस लाखांच्या अक्षावर ०.५ कुठे दिसणार? त्या मालिकेवर राइट क्लिक करून तिला सेकंडरी अ‍ॅक्सिसवर टाका. पण दोन अक्षांचा चार्ट बैठकीत समजावून सांगायला वेळ जातो, आणि तुम्हाला बहुधा पाच मिनिटंच मिळणार आहेत.

आता मराठी आकडे. कागद मराठीत आणि चार्टवर 50% असं इंग्रजीत, हे डोळ्यांना खटकतं हे मान्य. सेल हातानं बदलू नका. कस्टम फॉरमॅटमध्ये [$-४०००४३९]०% असं लिहा. टाइप करताना आतले सगळे आकडे इंग्रजीत. सेलमधला आकडा तोच राहतो, दिसतो देवनागरीत, आणि लेबल सेलशी जोडलेलं असेल तर चार्टवरही तसाच उतरतो. हा संकेत हिंदीसाठीचा आहे, पण अंकांची लिपी एकच असल्यामुळे चालतो. ५ आणि ८ ची वळणं फॉन्टवर अवलंबून असतात, तेवढा मराठी वळणाचा फॉन्ट निवडा.

आणि बैठकीच्या सभागृहातल्या कॉम्प्युटरवर कोणतं व्हर्जन आहे ते आधी विचारा. 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' वापरलेला चार्ट २०१० मध्ये उघडला की टक्क्यांच्या जागी चौकोनी कंसात 'सेलरेंज' असा शब्द छापून येतो, प्रत्येक खांबावर. पॉवरपॉइंटमध्ये नेताना साधं पेस्ट केलंत तर चार्ट मूळ फाइलशी जोडलेला राहतो आणि ती फाइल तर तुमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये. सगळं तपासून झालं की पेस्ट करताना 'पिक्चर' निवडा. मग पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनला लावा, ५०% चे ५०% च राहतील.